दापोडीतला मेजर आणि ओवेरीचं पाणी

प्रश्न : माझे वडील साठच्या दशकात दापोडीच्या सीएमईत, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये, सुभेदार होते. आफ्रिकेतला एक मेजर तिथे शिकायला होता आणि पुढे तो त्याच्या देशाचा प्रमुख झाला, असं ते सांगायचे. आम्हा भावंडांना ते खरं वाटायचं नाही. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा नायजेरियाच्या यादवी युद्धाबद्दल वाचताना जनरल ओबासान्जो यांचं नाव दिसलं. वडील सांगायचे ते हेच का? त्या युद्धात त्यांनी नेमकं काय केलं? त्यांना मोठा सेनानी म्हणता येईल का?
– एक वाचक, दापोडी

उत्तर : तुमच्या वडिलांचं म्हणणं खरं होतं. हे पत्र ते असताना यायला हवं होतं, असं फार वाटून गेलं.

ओलुसेगुन ओबासान्जो १९६५ मध्ये मेजर झाले आणि त्याच वर्षी भारतात आले. आधी निलगिरीतल्या वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, मग पुण्याची लष्करी अभियांत्रिकी शाळा, म्हणजे तुमचं दापोडी. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. आपल्याकडचं ते साल आठवा. पाकिस्तानशी युद्ध, धान्याची टंचाई, शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक वेळ उपास करायला सांगितलेलं. इथली उपासमार बघून ओबासान्जो हादरले होते, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे. ही नोंद ध्यानात असू द्या, पुढे ती लागणार आहे.

एक दुरुस्ती करतो. तुम्ही जनरल लिहिलंय आणि आज जग त्यांना तसंच ओळखतं, पण युद्ध संपलं तेव्हा ते कर्नल होते. वय वर्षं बत्तीस. नायजेरियाचे प्रमुख गोवोन पस्तीसचे आणि फुटून निघालेल्या बियाफ्राचे प्रमुख ओजुक्वू छत्तीसचे. एवढ्या मोठ्या देशाचं मरण-जगणं या वयाच्या माणसांच्या हातात होतं. मी तिथे नोकरीला गेलो तेव्हा माझं वय साधारण तेवढंच होतं, आणि मला एका गावाचं पाणी सांभाळताना रात्र रात्र झोप नसायची.

मी पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर. १९७८ ते १९८३ अशी पाच वर्षं पूर्व नायजेरियात ओवेरीला होतो. म्हणूनच संपादकांनी तुमचं पत्र माझ्याकडे दिलं. पुढचं थोडं वाचलेलं आहे, थोडं तिथल्या माणसांकडून ऐकलेलं.

ओबासान्जो योरुबा जमातीचे, अबेओकुटाजवळच्या खेड्यातले. १९५८ मध्ये फौजेत गेले आणि काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतून उतरले. तिथे बुकावूजवळ मिशनऱ्यांना बाहेर काढताना बंडखोर सैनिकांनी त्यांना धरलं. गोळी घालायची की सोडायचं यावर त्यांच्यासमोरच खल झाला, मग वरून हुकूम आला आणि सुटले. परत आल्यावर त्यांनी इंजिनीअर कोअर निवडली. पूल, रस्ते, पाणी, सुरुंग हा त्यांचा धंदा. आमच्या जातीचा माणूस, असं मला नेहमी वाटत आलं, आणि या उत्तरात तो ओढा दिसला तर समजून घ्या.

भारतातून ते जानेवारी १९६६ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कडुनाला परतले आणि दोनच दिवसांत पहिलं लष्करी बंड झालं. उत्तरेत त्या बंडाचा म्होरक्या होता मेजर न्झेओग्वू, त्यांचा जिवलग मित्र. ओबासान्जो उतरले होते त्याच्याच घरी, आणि त्यांना कशाची कल्पना नव्हती. त्या बंडात उत्तरेचे मोठे पुढारी मारले गेले. जुलैत उत्तरेच्या सैनिकांनी उलटं बंड केलं. पाठोपाठ उत्तरेत राहणाऱ्या इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या, आणि लाखो इग्बो मिळेल त्या गाडीने पूर्वेला, आपल्या मुलखात पळाले. ३० मे १९६७ ला ओजुक्वूंनी पूर्व भाग स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, नाव बियाफ्रा. जमिनीखाली तेल होतं, त्यामुळे लागोसचं, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतलं, सरकार ते सोडणार नव्हतं. ६ जुलैला लढाई सुरू झाली. त्याच महिन्यात न्झेओग्वू बियाफ्राच्या बाजूने लढताना न्सुक्काकडे मारला गेला. समोरच्यांनी, म्हणजे सरकारी फौजेनेच, त्याला कडुनात लष्करी इतमामाने पुरलं. या युद्धात दोन्हीकडचे अधिकारी एकाच मेसमध्ये जेवलेले होते. मग ते एवढं क्रूर का झालं, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

युद्धाची पहिली दोन वर्षं ओबासान्जो आघाडीवर नव्हतेच. ते इबादानला होते, सेकंड डिव्हिजनची पिछाडी सांभाळत. डिव्हिजनचे कमांडर मुर्तला मोहम्मद तडफदार आणि ऐकून न घेणारे. नायजर नदी ओलांडून ओनित्शा घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं. पूल बियाफ्राने उडवला होता. होड्यांतून तीनदा प्रयत्न झाले, माणसं पाण्यातच गेली. त्याच डिव्हिजनच्या सैनिकांनी अलीकडच्या काठावर, असाबा गावात, ऑक्टोबर १९६७ मध्ये स्वागताला आलेल्या लोकांना रांगेत उभं करून मारलं. पुढे मार्च १९६८ मध्ये अबागानाला या डिव्हिजनचा सुमारे शंभर गाड्यांचा ताफा बियाफ्राने एका दुपारी जाळला. दारूगोळा, पेट्रोल, तांदूळ, बूट हे सगळं मागून पुरवायचं काम ओबासान्जोंचं. लढाई कशी हरतात हे या कामात फार जवळून कळत असणार.

मे १९६९ मध्ये गोवोननी तिन्ही डिव्हिजनचे कमांडर बदलले. दक्षिणेच्या थर्ड मरीन कमांडोचे कमांडर होते बेंजामिन अडेकुन्ले, टोपणनाव ‘काळा विंचू’. बोनी, कलाबार, पोर्ट हारकोर्ट ही बंदरं त्यांनी घेतली होती, पण नंतर फौज दमली, फुगली, बेशिस्त झाली. एप्रिलमध्ये तर बियाफ्राने ओवेरी परत जिंकून घेतली. ती ३५ ते ४० हजारांची खचलेली फौज ओबासान्जोंच्या हाती आली. त्यांनी लगेच चढाई केली नाही. पहिले सहा आठवडे खंदकांतून फिरले, कुठे काय नाही ते बघितलं. त्यातच एकदा जखमी झाले. सैनिकांना वाटलं, हा साहेब आपल्यात येतो.

यापुढचं लिहिताना हात जड होतो, पण तुम्ही ‘नेमकं काय केलं’ असं विचारलंय.

तोवर बियाफ्रा चारी बाजूंनी कोंडलेला होता. बंदरं गेली, मीठ नाही, मासे नाहीत, दूध नाही. मुलांचे पाय सुजायचे, केस तांबूस व्हायचे, पोटं फुगायची. या आजाराचं नाव क्वाशिओरकर. हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांतून घराघरांत गेला तो इथून. अन्न यायचं ते फक्त रात्री, विमानाने. ओवेरी-ओनित्शा रस्त्याचा उली गावाजवळचा तुकडा रुंद करून धावपट्टी केली होती. विमान डोक्यावर आलं की क्षणभर दिवे लागायचे आणि पुन्हा मिट्ट काळोख. सुका मासा, दूध पावडर आणि मीठ याच वाटेने यायचं. बंदुकाही याच काळोखातून यायच्या, आणि सरकारचा राग त्यावर होता.

५ जून १९६९ ला नायजेरियाच्या हवाई दलाने रेड क्रॉसचं मदत घेऊन येणारं विमान पाडलं. आतली माणसं मेली. त्या वैमानिकाला ‘काही करून दाखव’ असं आव्हान आपणच दिलं होतं, हे ओबासान्जोंनी युद्धाच्या आठवणींत स्वतः लिहून ठेवलंय. ज्या माणसाला भारतातली उपासमार बघवली नव्हती, त्याच माणसाचं हे काम आहे. रेड क्रॉसची उड्डाणं त्यानंतर थांबली, चर्चच्या संस्थांनी आपली चालू ठेवली. या युद्धात किती माणसं गेली याचे अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. त्यातली बहुतेक गोळीने गेलेली नाहीत, भुकेने गेली. सेनानी म्हणून ओबासान्जोंचा हिशेब मांडताना मी हे विमान कधीच बाजूला ठेवू शकत नाही, तुम्हीही ठेवू नका.

आता शेवटची मोहीम. लष्करी अभ्यासक तिचं नाव घेतात, आणि तिची आखणी इंजिनीअरचीच वाटते. डिसेंबरमध्ये थर्ड मरीन कमांडो दक्षिणेकडून आणि फर्स्ट डिव्हिजन उत्तरेकडून निघाली. नाताळच्या दिवशी दोन्ही फौजा उमुआहियाला मिळाल्या आणि बियाफ्राचे दोन तुकडे झाले. ७ जानेवारी १९७० ला पुढची चढाई सुरू झाली. ओवेरी गेली. त्याच आठवड्यात एका रात्री ओजुक्वू उलीवरून विमानाने आयव्हरी कोस्टला गेले. मागे राहिले मेजर जनरल फिलिप एफिओंग. १२ तारखेला त्यांनी रेडिओवरून सांगितलं की रक्तपात थांबला पाहिजे. त्याच दिवशी उली पडलं. अडीच वर्षं चाललेलं युद्ध ओबासान्जोंनी कमान घेतल्यापासून आठ महिन्यांत संपलं.

पण तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर यानंतरच्या आठवड्यांत आहे. सगळं जग धरून बसलं होतं की आता कत्तल होणार. ओबासान्जो एफिओंगना जाऊन भेटले, बोलणी केली, रेडिओवरून लोकांना सांगितलं की घरातच राहा, तुमच्या जिवाला धोका नाही. आपल्या सैनिकांना त्यांनी बराकीत राहायला लावलं आणि बंदोबस्त पोलिसांकडे दिला. तरीही लूट झाली, बायकांवर अत्याचार झाले. लुटारूंना त्यांनी फटके मारले, बलात्कार करणाऱ्यांना गोळ्या घातल्या. ज्यांना न्याय मिळाला नाही अशाही पुष्कळ बायका असणार. मी तिथे असताना त्या विषयावर कुणी बोलायचं नाही, गप्प व्हायचे. पण ज्या कत्तलीची भीती होती ती झाली नाही.

आणि मग पाणी. गोवोननी त्या भागाची घडी बसवायचं काम त्यांच्यावर सोपवलं आणि त्यांनी आधी पाणीपुरवठ्याला हात घातला. मे १९७० पर्यंत तिथल्या सगळ्या मोठ्या गावांची नळयोजना पुन्हा चालू झाली होती. चार महिन्यांत! हे काम काय असतं ते मला विचारा. पंप चोरीला गेलेले, पाइप फुटलेले, नकाशे जळालेले, माणसं विखुरलेली.

ओवेरीत माझ्या हाताखाली एक वयस्क पंप ऑपरेटर होता. युद्धाच्या आधीपासूनचा. ओवेरी दोन वर्षांच्या आत तीनदा या हातातून त्या हातात गेली. पहिल्यांदा सरकारी फौज आली तेव्हा त्याने रात्रीत पंप खोलला, इम्पेलर आणि फूटव्हॉल्व्ह ग्रीस लावून पोत्यात बांधले आणि कसाव्याच्या वाफ्यात पुरले. वर पुन्हा कसावा लावला. जानेवारी १९७० मध्ये लष्कराची जीप आली आणि एका अधिकाऱ्याने विचारलं, ‘इथे पूर्वी कामाला कोण होतं?’ हा पुढे व्हायला तयार नव्हता. बियाफ्राला पाणी पुरवलं म्हणून मारतील, असं त्याला वाटत होतं. शेवटी बायकोने ढकललं. कुदळ घेऊन त्याने पोतं उकरलं तेव्हा तो अधिकारी गुडघ्यावर बसला आणि बोटाने ग्रीस पुसून बघू लागला. ही खूण ऑपरेटरने मला चार-पाच वेळा तरी करून दाखवली असेल, तर्जनी अंगठ्यावर घासत. पहिले दोन दिवस नळाला तांबडं गढूळ पाणी आलं. लोकांनी तेही भरून नेलं.

तो अधिकारी कोण, त्याला ठाऊक नव्हतं. कुणीतरी लेफ्टनंट असेल. पण ‘आधी पंप बघा’ हा हुकूम वरून आला होता, आणि तो देणारा माणूस दापोडीत शिकून गेला होता. मोठा सेनानी म्हणावं का, याचं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. युद्ध कसं संपवायचं ते त्यांना कळत होतं, आणि संपल्यावर काय करायचं हेही. दुसरी गोष्ट सेनानींमध्ये फार क्वचित दिसते, म्हणून मी त्यांना मानतो. ते विमान मात्र मनातून जात नाही.

पुढची हकिगत थोडक्यात : १९७६ मध्ये मुर्तला मोहम्मद मारले गेले आणि ओबासान्जो लष्करी राष्ट्रप्रमुख झाले. १ ऑक्टोबर १९७९ ला त्यांनी निवडून आलेल्या शागारींकडे सत्ता सोपवली. मी तेव्हा ओवेरीत होतो. रेडिओला कान लावून बसलेल्या गर्दीत शेवटपर्यंत कुणाचा विश्वास नव्हता की लष्करी माणूस खुर्ची सोडील. १९९५ मध्ये लष्करशहा अबाचांच्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं, आणि त्याच वर्षीचा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार भारताने त्यांना दिला. १९९९ ते २००७ ते निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते.

प्रश्न : १९७१ मध्ये ढाक्याला शरण आलेल्या पाकिस्तानी सैनिकांना आपण युद्धकैदी म्हणून ठेवलं आणि मग परत पाठवलं. यादवीत शरण आलेले तर त्याच देशाचे नागरिक. त्यांचं पुढे काय झालं?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : प्रश्नाच्या मुळाशी गेलात. परत पाठवायला त्यांना दुसरा देशच नव्हता.

१५ जानेवारी १९७० ला लागोसच्या डोडान बराकीत एफिओंग यांनी गोवोनसमोर शरणागतीचा मजकूर वाचला. बियाफ्रा संपला, आम्ही नायजेरियाचे एकनिष्ठ नागरिक आहोत, अशा अर्थाचा. सोबत बियाफ्राचे सरन्यायाधीश सर लुई म्बानेफो होते. एफिओंग तेव्हा चव्वेचाळीसचे, वर आलेल्या सेनानींत सगळ्यांत वडीलधारे. १९४५ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाले आणि १९५६ मध्ये अधिकारी. ते इग्बो नव्हते, इबिबियो होते, म्हणजे बियाफ्रातल्या अल्पसंख्याकांपैकी. ज्यांच्या नावाने राज्य उभं राहिलं त्यांचा नेता विमानाने गेला आणि हार पत्करायची वेळ या माणसावर आली. पळून जायची संधी त्यांनाही होती. ते थांबले म्हणून लाखभर तरी जीव वाचले, असं ओवेरीत म्हणणारे लोक मला भेटले. आकडा सोडा, भावना खरी होती.

गोवोन त्या दिवशी म्हणाले, ना कोणी जिंकलं, ना कोणी हरलं. बदल्याचे खटले चालले नाहीत, कुणाला फासावर दिलं नाही. पुष्कळ इग्बो कारकून, शिक्षक, रेल्वेवाले जुन्या नोकऱ्यांवर परत गेले. पण बियाफ्राच्या अधिकाऱ्यांना फौजेतून बडतर्फ केलं, एफिओंग यांनाही. बडतर्फ म्हणजे पेन्शन नाही, गणवेशाचा मान नाही. तीस वर्षं ते तसेच राहिले. २९ मे २००० ला ही बडतर्फी निवृत्तीत बदलण्याचा निर्णय झाला. तो जाहीर करणारे राष्ट्राध्यक्ष ओबासान्जोच, ज्यांच्यापुढे एफिओंग यांच्या सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली होती. नोव्हेंबर २००३ मध्ये एफिओंग गेले.

ओजुक्वूंना शागारींनी १९८२ मध्ये माफी दिली. ते आले त्या दिवशी आमच्या ऑफिसात एकही माणूस टिकला नाही, मीही कुणाला अडवलं नाही.

सामान्यांना कसं वागवलं याचं एक उदाहरण माझ्या घरात आहे. बियाफ्राने स्वतःच्या नोटा छापल्या होत्या, त्यावर ताडाचं झाड आणि मागे उगवता सूर्य. युद्ध संपलं आणि त्या कागद झाल्या. बँकेत पैसे होते अशांना, खात्यात कितीही असोत, सरसकट वीस पौंड मिळाले. माझ्या त्या ऑपरेटरने बावीस वर्षांच्या नोकरीची शिल्लक ठेवली होती. त्यालाही वीसच. मी भारतात परतताना त्याने एक पौंडाची एक नोट माझ्या हातात ठेवली. म्हणाला, ‘साहेब, याचं काही येणार नाही, पण हे आमचं होतं.’ अजून माझ्या कपाटात आहे.

प्रश्न : या युद्धातून डॉक्टरांची कुठली तरी संस्था निघाली असं ऐकलंय. खरं आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हो. रेड क्रॉसकडून बियाफ्रात गेलेले काही फ्रेंच डॉक्टर तिथली मुलं बघून परत आले आणि गप्प बसायला तयार नव्हते. डिसेंबर १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेदसां सां फ्रोंतिएर’ या संस्थेत त्यांचा पुढाकार होता. १९९६ चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार या संस्थेला मिळाला, ओबासान्जोंच्या बरोबर पुढच्या वर्षी.

दापोडीच्या वाचकांस : तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत १९६५ च्या कोर्सचा ग्रुप फोटो असण्याची बरीच शक्यता आहे. असे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेले असत आणि खाली रांगेप्रमाणे नावं छापलेली असत. सापडला तर नावांची ओळ आधी वाचा, मग मला कळवा. मूळ फोटो टपालाने पाठवू नका, मी स्वतः दापोडीला येऊन बघेन. येताना ती नोट घेऊन येतो.